शंखातलं बिऱ्हाड

१

मंजुषाची सकाळ दोन ओल्या कामांनी सुरू व्हायची. आधी सासऱ्यांचं अंग पुसायचं, मग त्यांच्याच खोलीतल्या काचेच्या टाकीचं शेवाळ खरवडायचं. पहिल्या कामाची तिला कधी किळस आली नाही. दुसऱ्याची रोज यायची.

लोहाऱ्यात तिच्या नवऱ्याचा, इंद्रजितचा, पाण्याच्या जारचा धंदा होता. पुढं पाणी गाळायच्या मशिनी, मागं घर. त्याआधी तो कोकणात कोळंबीच्या बीजकेंद्रात कामाला होता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि एकुलता एक म्हणून त्याला गाव गाठावं लागलं. समुद्र मागं राहिला तरी त्याचा नाद काही जाईना. मशिनीचं गोडं पाणी घरचंच होतं. त्यात विकतचं समुद्री मीठ कालवून त्यानं वडिलांच्या, आबांच्या, खाटेसमोर टाकी मांडली. पेशंटच्या नजरेपुढं काहीतरी हलतं असू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मासे या उन्हात तगत नाहीत म्हणून त्यानं शंखात राहणारे खेकडे आणले आणि काळ्या, भोवऱ्यासारख्या गोगलगायी.

गोगलगायी काचेला चिकटून सरकायच्या. बाहेरून त्यांचा मांसाचा तळवा दिसायचा आणि त्या तळव्यात उघडमीट करणारं एक बारीक तोंड. खेकडे तर क्षणभर स्वस्थ बसत नसत. सतत काहीतरी चिमटीत धरून तोंडात कोंबत असायचे. तोंडापुढं केसांसारख्या मिशा थरथरत. मंजुषा टाकीत हात घालायची ती कोपरापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून. तरी दिवसभर हाताला वास येतोय असं तिला वाटत राहायचं.

आबा म्हणजे हिंमतराव. उभं आयुष्य गुरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. अंगात बळ होतं तेव्हा सुनेशी दोन शब्द गोड बोलले नसतील. झटक्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि डावा हात तेवढा राहिला. अंग पुसताना पाणी कढत लागलं की ते तिचं मनगट दाबायचे. बरं वाटलं की अंगठ्यानं हलकेच थोपटायचे. मंजुषा त्यांच्याशी गावभरच्या गोष्टी बोलायची आणि ते थोपटत ऐकायचे. तिच्या बापानंही कधी तिचं इतकं ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी काच खरवडता खरवडता तिचा हात थांबला. तळाच्या वाळूवरून एक गोगलगाय निघाली होती. ती सरकत नव्हती, चालत होती. भराभर.

तिनं इंद्रजितला हाक मारली. त्यानं ती गोगलगाय सरळ उचलून उलटी केली. आतून लाल, केसाळ पाय बाहेर आले आणि गपकन आत गेले.

"गोगलगाय मेली," तो हसून म्हणाला. "खेकड्यानं बिऱ्हाड टाकलंय आत."

"आधी मेली, का ह्यानं मारली?"

"त्ये कोण बघत बसलंय? जागा मिळाली, गेला."

टाकीच्या कोपऱ्यात एक पिवळट मांसाचा गोळा पडला होता आणि दोन लहान खेकडे त्याला कुरतडत होते. आबा खाटेवरून एकटक तिकडंच बघत होते.

२

वैशाखातल्या दुपारी लाईट गेली. मशिनी थांबल्या, टाकीतले बुडबुडे थांबले. थोड्या वेळानं वास यायला लागला. नासलेल्या अंड्यासारखा, पण त्याहून गोडसर. मंजुषा खिडकी उघडायला आबांच्या खोलीत गेली.

आबांचं तोंड उघडं होतं. खालच्या ओठावर माशी बसली होती. ती आत गेली. मंजुषा तिच्या बाहेर येण्याची वाट बघत उभी राहिली आणि आपण कशाची वाट बघतोय हे ध्यानात आल्यावर तिनं पुढं होऊन त्यांच्या नाकाशी हाताची मागची बाजू धरली. श्वास नव्हता. एवढ्या उकाड्यात मनगट गार पडलं होतं. तिनं ते दाबलं. "आबा?" पुन्हा दाबलं.

ती ओरडली नाही. चादर त्यांच्या छातीपर्यंत ओढून, पुढं येऊन तिनं इंद्रजितला फोन लावला. तो टेम्पोत जार घेऊन गेला होता. "आबा गेले," एवढंच तिला म्हणता आलं. तो येईपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. मागं खोलीतून पाण्याचा चुबुक असा आवाज आल्यासारखं वाटलं. लाईट आली असंल, बुडबुडे सुरू झाले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण दारातून दिसणारा पंखा बंदच होता.

इंद्रजित धावत आला. दोघं बरोबरच आत गेले.

आबा खाटेच्या कडेला बसले होते. पाय जमिनीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर. दोन्ही.

"आबा!" इंद्रजित त्यांच्या पायाशी कोसळला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता मंजुषाकडं वळून म्हणाला, "आन् तू गेले म्हणालीस व्हय गं?"

टाकीत सगळ्यात मोठ्या खेकड्याचा मुठीएवढा पांढरा शंख पालथा पडला होता, रिकामा. काचेच्या काठापासून भिंतीवरून खाटेपर्यंत ओलसर रेघ आली होती. बघता बघता ती वाळली आणि मिठाची पांढरी कड मागं राहिली. मघाशी खिडकीकडं जाताना माझाच हात टाकीला लागला असंल, तिच्या मनात आलं. तिनं ओल्या फडक्यानं ती रेघ पुसून टाकली.

३

डॉक्टरांनी नाडी धरली, सापडायला वेळ लागला, पण मग मान हलवली. अशा केसेसमध्ये कधी कधी माणूस उभा राहतो म्हणाले. गावात बातमी पसरली. लोक नारळ घेऊन यायला लागले.

आबा चालायला लागले होते, आणि चालायचे ते भिंतीला धरून, जरा तिरके, फार लवकर. खोलीच्या मधोमध कधी येत नसत. कुणी मोठ्यानं बोललं, भांडं पडलं, की मान खांद्यात ओढून घ्यायचे आणि तशीच ठेवायचे. जेवताना घास करत नव्हते. चिमटीनं बारीक बारीक तुकडे उचलून तोंडात भरायचे, एका हातानं, मग दुसऱ्या हातानं, न थांबता. ओठ हलत नसत. सांडलेलं शीतही ते वेचून घ्यायचे, जमिनीवरचं, अंगावरचं. एकदा मंजुषानं त्यांना टाकीतल्या खेकड्यांसाठी आणलेल्या सुक्या जवळ्याच्या पुडीत हात घालताना पाहिलं.

आणि वास होता. टाकीचं पाणी दोनदा बदललं, खोली फिनाइलनं धुतली. वास टाकीचा नव्हता.

४

सास्तूरहून बब्रुवानकाका आले. आबांचे बाजारातले जोडीदार. दोघांनी मिळून किती बैलांचे सौदे केले असतील त्याला गणती नाही. पटका सावरत ते आबांच्या समोर बसले.

"काय हिंमतराव, मला बी न सांगता उठलासा व्हय?"

आबांची वाचा परत आली नव्हती. बब्रुवानकाकांनी हसत खांद्यावरचा टॉवेल काढला, आबांच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात सरकवला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून बोलतात. "करा भाव. माझ्या म्हाताऱ्या बैलाचं काय देता?"

टॉवेलाखाली हालचाल झाली. बब्रुवानकाकांचं हसू हळूहळू गेलं. टॉवेलाचा उंचवटा त्यांच्या मनगटावरून कोपराकडं चढत होता. त्यांनी हात हिसकून घेतला, टॉवेल तिथंच राहिला. चहा तसाच ठेवून ते उठले.

मंजुषा त्यांच्या मागं पुढच्या नळापर्यंत गेली. ते साबण घासघासून हात धूत होते.

"काका, काय झालं?"

"बोटं दाबली न्हाईत त्येनं, पोरी." त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "चाचपली. हाडापस्तोर चाचपली. म्या त्या माणसाचा हात चाळीस वर्सं धरलाय गं." पुन्हा साबण घेतला. "टावेल जाळून टाक."

५

आबांच्या कमरेवर पडून पडून झालेली जखम होती. मंजुषा ती रोज धुवायची. उठून बसल्यापासून ती भरायला हवी होती. उलट कडेनं हिरवट होत पसरत चालली होती. त्या सकाळी तिनं कापूस फिरवला आणि तळहाताएवढी कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सुटून तिच्या बोटांवर आली. खालून रक्त आलं नाही. आबा हलले नाहीत, कण्हले नाहीत. तिनं मुद्दाम कढत पाणी घेतलं, स्वतःचा हात भाजेल इतकं, आणि त्यांच्या पाठीवर ओतलं. मग आपलं मनगट त्यांच्या डाव्या हाताजवळ नेलं.

हात वळला. बोटं तिच्या मनगटाभोवती एकदा फिरली, अंगठा आणि करंगळी जिथं मिळाली तिथं थांबली, आणि सोडून दिलं. लहान माप बाजूला टाकावं तसं.

त्या संध्याकाळी ती इंद्रजितला म्हणाली, "अहो, ते आबा न्हाईत."

"म्हंजे?"

"आबा त्याच दुपारी गेले. मी हात लावून बघितलं होतं."

इंद्रजित ताटावरून उठला. "माझा बाप चालायला लागला. गाव पाया पडायलंय. आन् तुला त्ये बघवंना? गू-मूत काढायचं सुटलं तर तुझं काय दुखायलंय?"

"तुम्ही त्यांची पाठ धुवा एकदा. एकदाच."

"धुईन की." पण त्यानं कधी धुतली नाही. वास त्यालाही येत होता. बापाच्या जवळ बसताना तो तोंडानं श्वास घ्यायचा, हे मंजुषानं पाहिलं होतं.

६

दुपारचं जेवण करून इंद्रजित आबांच्या खोलीत फरशीवर आडवा व्हायचा. तिथं गारवा असायचा. मंजुषा गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली आणि दारातच थबकली.

आबा त्याच्या उशाशी उकिडवे बसले होते. इंद्रजित घोरत होता. आबांची दोन बोटं त्याच्या तोंडात होती. दातांवरून फिरत होती, मागच्या दाढांपर्यंत जात होती. दलाल माणूस, मंजुषाचं मन घाईघाईनं म्हणालं, जन्मभर बैलांचे दात बघितले, सवय आहे. मग बोटं बाहेर आली. वीत करून हातानं त्याच्या खांद्याची रुंदी घेतली. छाती घेतली. पुन्हा तोंडाशी येऊन जबडा खाली ओढून धरला, आणि आबा वाकले. इतके वाकले की त्यांचं उघडं तोंड त्याच्या तोंडावर आलं. आबांच्या घशात काहीतरी केसांसारखं थरथरलं.

मंजुषा किंचाळली. कपडे पडले. आबा भिंतीला लागून कोपऱ्यात गेले, मान खांद्यात. मधली हालचाल तिला दिसलीच नाही.

इंद्रजित दचकून उठला. ओठ पुसत म्हणाला, "काय झालं? तोंड खारट कशानं झालंय?"

तिनं त्याला ओढत बाहेर आणलं. त्या दिवसापासून त्याला त्या खोलीत झोपू दिलं नाही. भांडली, रडली, माहेरी जाते म्हणाली. पण त्या घरात दारं किती आणि ती किती दिवस लावून ठेवायची? आबांची बोटं टोकांना काळी पडायला लागली होती. एक नख तिला केरात सापडलं. हे घर आता पुरणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि आबांच्या अंगाला आपण 'घर' म्हणालो याचीच तिला शिसारी आली.

त्याच सुमारास इंद्रजितनं टाकीत टाकायला रिकामे शंख मागवले. गोगलगायी संपत आल्या होत्या.

"रिकामे कशाला?" तिनं विचारलं.

"आपल्या मापाचं रिकामं मिळालं की खेकडे जित्या गोगलगायीच्या वाटेला जात न्हाईत." तो एकेक शंख वाळूवर नीट मांडत होता. "घरासाठीच मारतेत गं त्यांला. दुसरं काय वैर हाय?"

मंजुषानं त्यातला सगळ्यात मोठा शंख उचलून हातात तोलून बघितला.

७

मागच्या गल्लीत बिराप्पा राहायचा. मेंढरं राखून हयात काढलेला, दारात मावायचा नाही असा धिप्पाड गडी. डोक्यात रक्त साकळलं. सोलापूरच्या दवाखान्यानं, आता घरी न्या, म्हणून पाठवून दिलं. नाकात नळी, डोळे मिटलेले, नुसती छाती वरखाली. त्याची बायको नागूमावशी जार भरायला आली की मंजुषाचा हात धरून म्हणायची, "एकदा आण की गं हिंमतरावांना. त्येंचा हात लागला तर ह्ये बी उठतील."

मंजुषा टाळत आली होती. त्या दिवशी इंद्रजित जार पोचवायला गेला तसं तिनं आबांच्या अंगावर धुतलेला सदरा चढवला, काळी बोटं झाकायला हातावर उपरणं टाकलं आणि त्यांना घेऊन निघाली. भर उन्हात गल्लीत कुणी नव्हतं. आबा भिंतीभिंतीनं चालत होते. ती मनात एकच घोकत होती. बिराप्पाकाकांत काही उरलेलं नाही. डॉक्टरच म्हणालेत. रिकामंच आहे.

नागूमावशीनं आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबा खाटेजवळ बसले. उपरण्याखालून हात निघाला आणि बिराप्पाच्या खांद्यावरून, छातीवरून सावकाश फिरला.

"बघ, बघ, कशी माया करायलेत," नागूमावशी पदर डोळ्यांना लावत म्हणाली.

"मावशी, चला, चहा टाकू. दोघांना बसू द्या जरा."

नागूमावशी चुलीकडं गेली. मंजुषा दार ओढून घ्यायला वळली, आणि बिराप्पाचे डोळे उघडले.

ते तिच्याकडं बघत होते. धुकट नव्हते, वेडे नव्हते. तिला ओळखत होते. त्याच्या बोटांनी चादर ओरखडली. नाकातल्या नळीमागून घशात एक आवाज आला, बारीक, मेंढराच्या पिलासारखा. आबांचा हात त्याच्या जबड्यावर होता.

मंजुषाला इंद्रजितचं खारट तोंड आठवलं. तिनं दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात नागूमावशी आलं ठेचत होती आणि बोलत होती. मंजुषा हं हं करत होती. भिंतीपलीकडून खाट कुरकुरली. मग दगडावर शंख आपटावा तसा टकटक आवाज. मग ओलं काहीतरी ओढल्याचा, लांब, खूप लांब आवाज. मग धप्प.

ती नागूमावशीच्या आधी पोचली. दार फटीएवढंच उघडलं. खाटेखाली आबा पालथे पडले होते आणि पाठीच्या जागी त्यांचा सदरा सपाट होता. वर बिराप्पा मान मागं टाकून तोंड पूर्ण उघडून होता. त्या तोंडात एक गुलाबी, मऊ, पिळदार शेपूट आत आत जात होतं. त्यावर घामासारखं पाणी होतं. टोक ओठांवर थबकलं, वळवळलं, गेलं.

मग नागूमावशीनं दार ढकललं.

८

आबांना अंघोळ घालता आली नाही. माणसांनी नाकाला फडकी बांधून त्यांना चादरीसकट उचललं. कधी गेले, किती वेळ झाला, असं कुणीतरी विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, ऊन काय कमी हाय का, लवकर नासतंय. इंद्रजित रडत होता आणि तोंडानं श्वास घेत होता. बिराप्पा त्याच संध्याकाळी खाटेच्या कडेला उठून बसला होता. गावानं म्हटलं, हिंमतरावांनी बिराप्पाला आपलं आयुष्य देऊन टाकलं.

मंजुषा घरी आली आणि टाकीतलं सगळं, पाणी, वाळू, शंख, जिवंत-मेलेलं, बादलीनं उपसून तिनं माळावर ओतलं. त्यानंतर ती दिवसातून किती वेळा हात धुवायची ते तिलाही कळत नसे. बोटांच्या मधली कातडी फाटून आली. जेवण जाईना. आरशासमोर वेणी घालताना ती स्वतःच्या तोंडाकडं बघायचं टाळायची.

थोड्या दिवसांनी नागूमावशी जार घेऊन आली. चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"चालायलेत गं, लई भरभर. खायलेत बी. फकस्त..." ती जरा जवळ सरकली, आवाज उतरवला. "वास तेवढा येतोय अंगाला. तू सासऱ्याला कशानं धूत हुतीस?"

मंजुषानं नळ सुरू केला. जारमध्ये पाणी पडायला लागलं.

"लिंबाचा पाला उकळून," ती म्हणाली. "वरून कापूर चोळायचा."

"तसंच करते. आता पोरगं बी आलंय मदतीला. माझा प्रेम, पुण्याहून. महिन्याची रजा काढून आलाय बापासाठी. बापासारखाच थोराड अंगाचा झालाय बघ." नागूमावशी हसली. "दुपारी दोघं बापलेक शेजारी शेजारी झोपतेत. बघून डोळं भरतंय."

मंजुषानं तोंड उघडलं. जिभेवर शब्द आले होते. सांगायचं तर बिराप्पाच्या डोळ्यांचंही सांगावं लागणार होतं, आणि दाराचंही. मशीनघरातून इंद्रजितच्या शिट्टीचा आवाज येत होता. कितीतरी दिवसांनी तो शिट्टी वाजवत होता.

जार भरून वाहायला लागला. तिनं नळ बंद केला, बूच घट्ट बसवलं आणि जार उचलून नागूमावशीच्या कडेवर नीट ठेवून दिला.

"पैसे राहू द्या, मावशी," ती म्हणाली.